शिवजयंती बेळगावात वैशाखात का? दिनविशेषातल्या तारखा कुठून येतात

१९ फेब्रुवारी उजाडली की पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांचे शुभेच्छांचे मेसेज यायला लागतात. बेळगावातही त्या दिवशी पुतळ्याला हार पडतो, पोवाडे लागतात. पण शहराचा खरा उत्सव असतो वैशाखात. वैशाख शुद्ध द्वितीया जवळ आली की गल्लोगल्लीची पोरं गडावरून शिवज्योत आणायला निघतात, पाळीपाळीनं ती हातात धरून रात्रभर धावत परत येतात. मग चित्ररथांची मिरवणूक निघते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर अफजलखान वधाचा सजीव देखावा, अंगाला रंग फासलेली, घामानं निथळलेली आमचीच मुलं, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पहाटेपर्यंत बसून राहिलेली खेड्यापाड्यातली माणसं. शंभर वर्षांहून जुनी ही परंपरा आहे.

दुसऱ्याच दिवशी अक्षय तृतीया, म्हणजे बसव जयंती. त्यामुळे बेळगावच्या रस्त्यांवर एका आठवड्यात दोन महापुरुषांच्या मिरवणुका निघतात.

बाहेरून आलेला माणूस हमखास विचारतो, "तुमच्याकडं शिवजयंती चुकीच्या तारखेला का करता?" प्रश्न रास्त आहे, त्यातला 'चुकीच्या' हा शब्द तेवढा नाही. याचं उत्तर नीट द्यायचं तर वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात किंवा शाळेच्या परिपाठात जो दिनविशेष असतो, त्यातली एकेक तारीख कशी तयार होते ते बघावं लागतं. आपण ती आयती वाचतो: अमुक दिवशी जन्म, तमुक दिवशी मृत्यू. पण जुन्या घटनेची तारीख क्वचितच जशीच्या तशी आपल्यापर्यंत येते. आधी कुणीतरी आपल्या पद्धतीनं दिवस लिहून ठेवलेला असतो, मग दुसरं कुणी त्याचं आजच्या कॅलेंडरात रूपांतर करतं, आणि शेवटी सरकार किंवा समाज ठरवतो की तो दिवस कधी पाळायचा. या प्रवासात दिवस कुठंही बदलू शकतो.

तिथी म्हणजे नक्की काय

सुरुवात तिथीपासून करू, कारण शिवकाळातल्या आपल्या माणसांना १९ फेब्रुवारी हा प्रकार माहीतच नव्हता.

बेळगावच्या किल्ला तलावाभोवती सकाळी दोघं फिरायला निघाले आहेत असं समजा. एक सावकाश चालणारे आजोबा, दुसरा पळणारा नातू. दोघं एकाच जागेवरून निघतात. नातू पुढं जातो, अंतर वाढत वाढत तो तलावाच्या पलीकडच्या काठावर आजोबांच्या बरोबर समोर येतो, आणि शेवटी एक फेरी जास्त मारून पुन्हा त्यांना गाठतो. आजोबा म्हणजे सूर्य, नातू म्हणजे चंद्र. दोघं एकत्र असतात ती अमावास्या, समोरासमोर येतात ती पौर्णिमा. पूर्ण वर्तुळ ३६० अंशांचं. चंद्रानं सूर्यापेक्षा १२ अंशांची आघाडी घेतली की एक तिथी झाली. अशा ३० तिथ्यांचा एक चांद्र महिना होतो आणि तो सरासरी साडेएकोणतीस दिवसांचा असतो.

चंद्राचा वेग सारखा नसतो. त्यामुळे एखादी तिथी १९-२० तासांत संपते, एखादी २६ तासांपर्यंत लांबते. ती दुपारी सुरू होईल, मध्यरात्रीही संपेल. मग दिवसाला नाव कुठल्या तिथीचं द्यायचं? सर्वसाधारण नियम असा की सूर्योदयाला जी तिथी चालू असेल ती त्या दिवसाची. एखादी तिथी एका सूर्योदयानंतर सुरू होऊन पुढच्या सूर्योदयाआधीच संपली तर तिचा क्षय, आणि एकच तिथी दोन सूर्योदय बघते तेव्हा तिची वृद्धी. "यंदा एकादशी दोन दिवस आहे" असं घरात ऐकू येतं त्यामागं हेच गणित असतं.

बारा चांद्र महिन्यांचं वर्ष होतं साधारण ३५४ दिवसांचं. सौर वर्षापेक्षा ११ दिवस कमी. असंच सोडून दिलं तर दिवाळी हळूहळू पावसाळ्यात आणि पुढं उन्हाळ्यात जाईल. हिजरी कालगणनेत ही घट भरून काढत नाहीत, म्हणून मोहरम आणि रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतात. आपल्या पंचांगात मात्र साधारण ३२-३३ महिन्यांनी एक अधिक मास घालून गाडी रुळावर आणतात.

हे प्रत्यक्षात बघायचं असेल तर अक्षय तृतीयेच्या तारखा काढा. २०२२ साली ती ३ मे रोजी होती. २०२३ साली २२ एप्रिलला आली, म्हणजे बरोबर ११ दिवस मागं. त्या वर्षी अधिक श्रावण पडला, आणि २०२४ साली तृतीया उडी मारून १० मेला गेली. २०२५ साली पुन्हा मागं, ३० एप्रिल. आदल्या दिवशीची द्वितीया तिच्याबरोबरच सरकते. म्हणून आमची शिवजयंती आणि बसव जयंती कधी एप्रिलमध्ये तर कधी मेमध्ये येते, पण येताना जोडीनंच येते.

सीमेच्या राजकारणात एक गोष्ट सहसा बोलली जात नाही, ती इथंच सांगावीशी वाटते. महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांची पंचांगं एकाच धाटणीची आहेत. दोन्हीकडं महिना अमावास्येला संपतो, दोन्हीकडं शालिवाहन शक चालतो. गुढीपाडवा आणि युगादी एकाच सकाळी येतात. उत्तर भारतात महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे आपला फाल्गुन वद्य पक्ष त्यांच्याकडं चैत्र कृष्ण पक्ष असतो. म्हणजे काळ मोजायच्या बाबतीत कोल्हापूर आणि धारवाड एकमेकांच्या जवळचे, आणि दोघांपासून काशी लांब.

दोन शिवजन्म: शके १५४९ आणि शके १५५१

आता मूळ प्रश्नाकडं येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लोकमान्य टिळकांनी शिवजयंतीला सार्वजनिक रूप दिलं. १८९६ च्या एप्रिलमध्ये रायगडावर उत्सव झाला. तेव्हा लोकांसमोर जन्मतिथी होती ती बखरींतली. मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीनुसार शके १५४९, वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे इ.स. १६२७ चा एप्रिल. पुढं हा उत्सव बेळगावला आला तो हीच तिथी घेऊन.

बखर खोटी म्हणून बाजूला टाकायची नसते, पण ती कधी लिहिली हे विचारायचं असतं. चिटणिसांची बखर शिवकाळानंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेली. सांगोवांगी, घरची माहिती, जुने कागद, सगळं तिच्यात मिसळलेलं.

त्यानंतर जेधे शकावली उजेडात आली. भोरजवळच्या कारी गावचे जेधे देशमुख हे शिवाजी महाराजांच्या सुरुवातीपासूनच्या साथीदारांचं घराणं. त्यांच्याकडं घटनांची तिथीवार नोंद होती. शकावली म्हणजे अशीच कोरडी यादी: शक, संवत्सर, महिना, तिथी, वार आणि काय घडलं ते. तिच्यात शिवजन्म असा दिला आहे: शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र, शिवनेरी.

ही नोंद एवढी वजनदार का? तिच्यात एकमेकांना तपासणाऱ्या गोष्टी आहेत म्हणून. संवत्सराचं नाव शकाशी जुळलं पाहिजे, वार तिथीशी जुळला पाहिजे, त्या दिवशी चंद्र त्याच नक्षत्राच्या आसपास असला पाहिजे. कुणी मागाहून मनानं तिथी घातली तर या पाच-सहा गोष्टींपैकी एखादी तरी फसतेच. इथं सगळ्या बसतात. शिवाय महाराजांच्या हयातीत लिहिलं गेलेलं कवींद्र परमानंदांचं 'शिवभारत' हीच तिथी देतं, आणि राजस्थानात जोधपूरला सापडलेल्या जुन्या कुंडल्यांच्या संग्रहातली महाराजांची कुंडलीही याच बाजूनं साक्ष देते. एकमेकांशी संबंध नसलेले तीन साक्षीदार एकच दिवस सांगत असतील, तर माझ्या मते इतिहासाचा प्रश्न तिथंच निकालात निघतो. शिवजन्म शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेचा.

ही शकावली भारत इतिहास संशोधक मंडळामार्फत १९१६ साली छापून लोकांसमोर आणली ती टिळकांनीच. ज्यांनी वैशाखातला उत्सव घरोघरी नेला, त्यांनीच त्या तिथीला धक्का देणारा कागद प्रसिद्ध केला. संशोधक म्हणून त्यांचा हा प्रामाणिकपणा मला फार मोठा वाटतो. त्याच १९१६ च्या एप्रिलमध्ये ते बेळगावात होते. इथल्या प्रांतिक परिषदेच्या वेळीच त्यांच्या होमरूल लीगची स्थापना झाली.

महाराष्ट्र सरकारनं १९६६ साली या तिथीच्या प्रश्नावर इतिहासकारांची समिती नेमली. लगेच काही बदललं नाही. या शतकाच्या सुरुवातीला मात्र सरकारनं वैशाख सोडून १९ फेब्रुवारी ही तारीख स्वीकारली. तोवर बेळगावच्या उत्सवाच्या कितीतरी पिढ्या झाल्या होत्या. इथल्या मंडळांचं वर्ष त्या द्वितीयेभोवती बांधलेलं, आणि महाराष्ट्राचा सरकारी निर्णय सीमेपलीकडं आपोआप लागू होत नाही. म्हणून वैशाख राहिला.

माझं मत विचाराल तर जन्माचा पुरावा फाल्गुनाच्या बाजूनं आहे आणि उत्सवाची परंपरा वैशाखाच्या. दोन्ही आपापल्या जागी खऱ्या आहेत. भांडण होतं ते एकीच्या जागी दुसरी बसवायला गेलं की.

१९ फेब्रुवारीला खरंच शुक्रवार होता का?

शके १५५१ चं इसवी सन काढताना पहिली ठेच लागते. शकात ७८ मिळवायचे हे शाळेत शिकलेलं असतं. १५५१ अधिक ७८ म्हणजे १६२९. पण शकाचं वर्ष चैत्रात बदलतं आणि इसवी सनाचं जानेवारीत. पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंत इसवी सन एकानं पुढं गेलेलं असतं, तेव्हा ७९ मिळवावे लागतात. फाल्गुन म्हणजे वर्षाचं शेपूट, म्हणून १६३०.

दुसरी ठेच जास्त खोल आहे. मोबाईलवर १९ फेब्रुवारी १६३० चा वार शोधून बघा. बहुतेक ॲप मंगळवार दाखवतील. शकावली म्हणते शुक्रवार. मग शकावली चुकली?

नाही. युरोपातही तेव्हा दोन कॅलेंडरं चालू होती. जुनं ज्युलियन, रोमन काळापासूनचं. त्यात दर चार वर्षांनी न चुकता लीप वर्ष. पण पृथ्वीचं वर्ष बरोबर ३६५ दिवस आणि ६ तासांचं नाही, त्याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान आहे. ही ११ मिनिटं शतकानुशतकं साठत गेली आणि सोळाव्या शतकापर्यंत कॅलेंडर ऋतूंपासून १० दिवस सरकलं. १५८२ साली पोप ग्रेगरी तेरावे यांनी सुधारणा केली: ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवसाला थेट १५ ऑक्टोबर म्हणायचं, आणि पुढं शतकपूर्तीच्या वर्षाला ४०० नं भाग जात असेल तरच लीप वर्ष धरायचं. कॅथलिक देशांनी हे लगेच मानलं. इंग्लंडनं मानलं नाही. तिथं ही सुधारणा १७५२ साली झाली, तेव्हा फरक ११ दिवसांचा झाला होता आणि २ सप्टेंबरनंतर १४ सप्टेंबर आला.

१९ फेब्रुवारी १६३० ही तारीख जुन्या ज्युलियन पद्धतीची आहे. त्या पद्धतीत तो दिवस शुक्रवारच होता. आज आपण वापरतो त्या ग्रेगोरियन कॅलेंडरात तोच दिवस १ मार्च १६३० होतो, आणि १ मार्चला शुक्रवारच येतो. चंद्रही जुळतो: त्या फेब्रुवारीतली पौर्णिमा ग्रेगोरियन २७ तारखेच्या सुमारास होती, म्हणजे वद्य तृतीया १ मार्चच्या आसपासच पडते. मोबाईलमधलं कॅलेंडर आजचे नियम मागं ताणत नेतं, म्हणून ते मंगळवार दाखवतं.

आपल्या भागाला हे गणित फार जवळचं आहे. घाट उतरला की गोवा. तिथं पोर्तुगीज, म्हणजे कॅथलिक, नव्या कॅलेंडरानं तारीख लिहिणारे. थोडं खाली कारवारला इंग्रजांची वखार, जुन्या कॅलेंडरानं लिहिणारी. एकाच घटनेचं पत्र दोन्हीकडून गेलं तर तारखेत १० दिवसांचं अंतर पडायचं. भर म्हणजे इंग्रजांचं कायदेशीर वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू व्हायचं. १६३० च्या फेब्रुवारीतलं पत्र असेल तर त्यावर साल १६२९ घातलेलं असू शकतं. जुनी इंग्रजी पत्रं वाचणाऱ्यानं हे ध्यानात ठेवलं नाही तर एक अख्खं वर्ष चुकतं.

शिवचरित्रातल्या आपल्या पाठ असलेल्या बाकीच्या तारखाही अशाच ज्युलियन आहेत. महाराजांचा मृत्यू ३ एप्रिल १६८०, शनिवार, चैत्री पौर्णिमा. ग्रेगोरियन पद्धतीनं तो १३ एप्रिल. राज्याभिषेक ६ जून १६७४. ही तारीख त्या सोहळ्याला हजर असलेल्या हेन्री ऑक्झिंडेन या इंग्रज दूताच्या कॅलेंडराची. ग्रेगोरियन पद्धतीनं १६ जून.

राज्याभिषेकात आणखी एक बारकावा आहे. जेधे शकावलीत ज्येष्ठ शुद्ध द्वादशी, शुक्रवार आहे, आणि आपण तर त्रयोदशी साजरी करतो. शकावलीतच उत्तर आहे. तिच्यात म्हटलंय की तीन घटिका रात्र उरली असताना राजे सिंहासनावर बसले. एक घटिका २४ मिनिटांची, म्हणजे सूर्योदयाला सव्वा तास बाकी होता. आपला परंपरेचा दिवस सूर्योदयाला बदलतो, म्हणून नोंद करणाऱ्याच्या लेखी अजून शुक्रवारच होता. घड्याळाचा दिवस मध्यरात्री बदलतो, म्हणून आजच्या हिशेबानं शनिवार, ६ जून. एकच क्षण, दोन वार.

आणि मोडी कागदांवर तर तिसरंच काही लिहिलेलं असतं. या भागात आदिलशाहीचा अंमल बरीच वर्षं होता. तिच्यापासून पेशवाईपर्यंतच्या कागदांत सुहूर सन भेटतो, तोही अरबी आकड्यांच्या नावांत. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे १ अधिक ६० अधिक १०० अधिक १०००, अर्थात ११६१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे. १७६०-६१, म्हणजे पानिपतचं साल. हा सन मृग नक्षत्र लागतं तेव्हा, पेरणीच्या तोंडावर बदलतो. त्याच्या शेजारी 'छ' लिहून पुढं हिजरी महिन्यातली चंद्राची तारीख. खानापूर-चंदगडकडच्या जुन्या वतनदार घरांत अशा कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, अजून आहेत. ते वाचणारी माणसं कमी होत चालली आहेत, याचं मनापासून वाईट वाटतं.

सीमाभागाचे आपले दिवस

१७५२ नंतरच्या घटनांना ज्युलियनचा त्रास नाही. तिथं प्रश्न वेगळे.

कित्तूरची लढाई २३ ऑक्टोबर १८२४ ची. धारवाडचा कलेक्टर थॅकरे त्यात मारला गेला, त्यामुळे इंग्रजांच्या दफ्तरात ती पक्की नोंदली गेली. पण ज्या राणीनं ती लढाई दिली, त्या काकतीच्या लेकीचा, चन्नम्मांचा मृत्यू बैलहोंगलच्या कैदेत १८२९ च्या फेब्रुवारीत झाला, आणि त्याची तारीख कुठं २ तर कुठं २१ छापलेली दिसते. लढाईला दफ्तर मिळालं, कैदेतल्या बाईच्या शेवटाला तेवढं मिळालं नाही.

संगोळ्ळी रायण्णांना २६ जानेवारी १८३१ रोजी खानापूर तालुक्यातल्या नंदगडला फाशी दिलं. त्यांचा जन्म १५ ऑगस्टचा सांगतात. जन्म स्वातंत्र्यदिनी, बलिदान प्रजासत्ताकदिनी, हे ऐकून अंगावर काटा येतो. मात्र १८३१ साली २६ जानेवारी हा साधा दिवस होता. त्याला अर्थ आला १९३० च्या पूर्ण स्वराज्य दिनानं आणि १९५० च्या राज्यघटनेनं. आणि दोन्ही तारखांचं वजन सारखं धरू नये. फाशी ही सरकारी कारवाई, तिची नोंद राहते. अठराव्या शतकातल्या खेड्यात जन्मलेल्या मुलाची तारीख कॅलेंडरात लिहून ठेवणारं कुणी नसायचं, ती परंपरेनं आलेली असते.

२६ डिसेंबर १९२४ ला बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन सुरू झालं. महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषवलेलं हे एकमेव अधिवेशन, आजच्या टिळकवाडीच्या परिसरात. डिसेंबरचा शेवटचा आठवडा निवडला जाई कारण तेव्हा नाताळची सुट्टी, कोर्टं बंद, आणि काँग्रेसमध्ये वकिलांचा भरणा मोठा. या अधिवेशनाची शताब्दी २६ डिसेंबर २०२४ ला बेळगावात साजरी होत असतानाच त्या रात्री दिल्लीत माजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांचं निधन झालं. आता दरवर्षीच्या दिनविशेषात या दोन ओळी एकाखाली एक येणार.

१ नोव्हेंबर हा आमचा सगळ्यात जड दिवस. १९५६ साली याच तारखेला राज्यपुनर्रचना अमलात आली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. त्या राज्याला कर्नाटक हे नाव मिळालं तेही १ नोव्हेंबरलाच, १९७३ साली; आणि शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं तेही १ नोव्हेंबर २०१४ रोजी. सरकारं नव्या निर्णयाला जुनी तारीख मुद्दाम निवडतात, म्हणजे एका दिवसावर थर चढत जातात. बेळगावात त्या दिवशी एकीकडं राज्योत्सवाची मिरवणूक असते, आणि दुसरीकडं मराठी माणसं काळा दिवस पाळतात. १७ जानेवारीचं तसंच. १९५६ साली बेळगावात झालेल्या गोळीबारातल्या हुतात्म्यांना त्या दिवशी अभिवादन होतं. बाहेरच्या दिनविशेषांत ती ओळ बहुधा नसते. कुठली घटना यादीत जाते आणि कुठली गळते, हेही कुणीतरी ठरवलेलं असतं.

१ जूनला जन्मलेली माणसं

१ जून हा १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातल्या हुतात्म्यांचा दिवस, बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या स्मारकावर लोक जमतात. आणि हाच दिवस आमच्या खेड्यांतल्या हजारो म्हाताऱ्या माणसांचा वाढदिवस आहे, निदान कागदावर तरी. पूर्वी मूल शाळेत घालायला आणलं की मास्तर जन्मतारीख विचारत. आई-बापाला ती माहीत नसे. जूनमध्ये शाळा सुरू होते, वयाची अट भरली पाहिजे, म्हणून मास्तर १ जून लिहून टाकत. ३१ मेला एकाच कार्यालयातले चार-पाच जण एकदम निवृत्त होतात ते त्यामुळंच. पुढं तीच तारीख दाखल्यावर, रेशनकार्डावर, आधारवर चढली.

घरात अशी आज्जी असेल तर तिची किंवा तिच्या मुलांची खरी तारीख बऱ्याचदा शोधता येते, आणि त्यासाठी वर सांगितलेलंच गणित लागतं. तिला साल विचारू नका, गोवा सुटला तेव्हा तू केवढी होतीस, निपाणीचं तंबाखू आंदोलन झालं तेव्हा थोरला शाळेत होता का, असं विचारा. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला, तंबाखूचं आंदोलन १९८१ चं. कडेवर, रांगता, पाळण्यात, अशी उत्तरं मिळतात आणि साल एक-दोन वर्षांच्या आत येतं. मग सण, वार आणि वेळ विचारायची.

समजा तिनं सांगितलं, "कोयनेचा भूकंप झाला त्या रविवारच्या रात्री तुझा बाप झाला." पुस्तकात बघाल तर भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, आणि त्या दिवशी सोमवार. आज्जी चुकली म्हणून सोडून देऊ नका. भूकंप पहाटे साडेचारच्या आत झाला. सूर्य उगवला नव्हता, म्हणून तिच्यासाठी ती रविवारचीच रात्र. आता तिला एवढंच विचारायचं राहतं की बाळ जमीन हलायच्या आधी झालं की नंतर, आणि आधी असेल तर बारा वाजायच्या आधी की नंतर. घरात तेव्हा घड्याळ नसलं तरी कोंबडा आरवला होता का, हे तिला नक्की आठवत असतं. त्यावरून १० की ११ डिसेंबर ते ठरतं, आणि ते कुटुंबाच्या वहीत तिच्या शब्दांसकट लिहून ठेवता येतं.